पाणी खाली गेलं की मुटका चुकतो

आमच्या विहिरीला एकवीस पायऱ्या आहेत, आणि त्यातल्या किती कोरड्या पडल्या यावर आमच्या घरात उन्हाळा मोजला जातो. येळवशीला, म्हणजे मार्गशीर्षातल्या अमावस्येला, औसा तालुक्यातलं आमचं सगळं गाव भज्जी-आंबील घेऊन शेतात उतरतं, तेव्हा पाणी काठापासून आठ फुटांवर असतं. पाडव्याला सोळा. अक्षय्य तृतीयेला पंचवीस. त्यापुढं कुणी मोजत नाही; मोटर हवा ओढायला लागली की कळतंच.

यंदा येळवशीला माझ्या भाच्यानं मारलेला मुटका बघायला शेजारच्या मळ्यातली माणसंही काठावर आली होती. पंधरा वर्षांचा आहे तो. जुन्या मोटेच्या धावेवरून पळत आला, थारोळ्याच्या दगडावर एक पाय टेकवला, हवेत गुडघे छातीशी ओढले, आणि पाण्यावर असा बसला की तुषार वर उभ्या असलेल्या बायकांच्या पदरांवर. आवाज विहिरीच्या घेरात दोनदा फिरला. पोरांनी शिट्ट्या मारल्या. वर आला तेव्हा त्याचा चेहरा मी बघितला. वर्गात पैकीच्या पैकी मार्क पडलेल्या मुलाचाही चेहरा इतका उजळलेला मी एकोणीस वर्षांच्या शिकवण्यात क्वचित पाहिलाय.

मग तो माझ्यासोबत लातूरला परतला. माझ्याकडे राहूनच क्लास करतो. तीन महिने घर, क्लास, रविवारची टेस्ट. पाडव्याला आम्ही पुन्हा गावी गेलो. तीच धाव, तोच दगड, तेच गुडघे. या खेपेला मात्र चटाक असा आवाज आला आणि काठावर सगळे गप्प झाले. पाठ आडवी आपटली होती. पायऱ्या चढून वर आला तो कातडी लालबुंद झालेली.

“आत्या, पाणी लै खाली गेलंय की.”

“उडी मारायच्या आधी दिसत नव्हतं का तुला?”

“दिसलालतं की. पण...”

त्या ‘पण’च्या पुढं त्याला बोलता आलं नाही, आणि मी त्या ‘पण’वरच अडकून बसले. विज्ञान शिकवते म्हणून हिशेब केला. आठ फूट पडायला साधारण सात दशांश सेकंद लागतात. सोळा फुटांना एक सेकंद. त्याच्या अंगानं सात दशांशाला पाणी येईल असं धरून स्वतःला ढिलं सोडलं आणि पाणी अजून तीन दशांश लांब होतं. डोळ्यांना पाणी खाली गेलेलं दिसत होतं, अंगाला ते माहीत नव्हतं. दुसरी उडी बरी पडली, तिसरी आणखी बरी. पाचव्या उडीला पुन्हा तो विहीर दणाणून सोडणारा आवाज, पुन्हा शिट्ट्या, पुन्हा तोच चेहरा.

पहिल्या आणि पाचव्या उडीच्या मध्ये त्याच्या डोक्यात काय बदललं?

शाळेच्या पुस्तकात याचं उत्तर आहे, पण ते इतकं थोडक्यात आहे की मुलं पाठ करून पुढं जातात. अनुमस्तिष्क, म्हणजे लहान मेंदू: तोल सांभाळणं, हालचालींत सुसूत्रता आणणं. मीही वर्षानुवर्षं एवढंच शिकवलं. फळ्यावर मोठा मेंदू काढायचा, त्याच्या मागं खाली मानेच्या वर अक्रोडाएवढा गोळा काढायचा, बाण मारून नाव लिहायचं. खरं तर त्या गोळ्यात मेंदूतल्या बहुतेक पेशी भरलेल्या असतात. माणसाच्या मेंदूत चेतापेशी सुमारे ८६०० कोटी, आणि त्यातल्या सुमारे ६९०० कोटी या लहान मेंदूत. वजनानं तो सगळ्या मेंदूच्या दहाव्या हिश्शाएवढा. सोयाबीनच्या कट्ट्याशेजारी मोहरीची पिशवी ठेवावी तसं ते आहे. पिशवी छोटी, दाणे जास्त.

तोलाचं काम मात्र खरंच आहे. १८२४ मध्ये फ्रान्समधल्या प्येर फ्लुरां यांनी कबुतरांच्या लहान मेंदूचा भाग काढून बघितला. पाखरं मेली नाहीत, लुळीही पडली नाहीत. त्यांच्या चालण्या-उडण्यातला मेळ गेला. पुढं १८३७ मध्ये चेक शास्त्रज्ञ यान पुर्किन्ये यांनी त्यातल्या मोठ्या पेशींचं वर्णन केलं. त्या पेशीचं चित्र मला फार आवडतं. कुंपणावर पसरवलेल्या वेलीसारखी ती एकाच पातळीत फुटत जाते. लाखाच्या घरात बारीक धाग्यांवरून तिच्याकडे बातम्या येतात: पाय कुठं टेकलाय, गुडघा किती वाकलाय, डोळ्यांपुढं काय आहे. आणि एक धागा या सगळ्यांहून वेगळा. मेंदूच्या देठातून वर चढून तो त्या पेशीला विळखा घालतो. प्रत्येक पेशीला असा एकच. डेव्हिड मार यांनी १९६९ मध्ये आणि जेम्स अल्बस यांनी १९७१ मध्ये मांडलं की शिकवण्याचं काम हा एकटा धागा करतो. ‘तू धरलं होतंस तसं झालं नाही’ एवढंच तो सांगतो. आणि मग त्या लाखभर धाग्यांपैकी कुणाचं किती ऐकायचं हे पेशी थोडं थोडं बदलते. जपानच्या मासाओ इतो यांनी असा बदल खरोखर होतो हे पुढं प्रयोगांतून दाखवलं.

म्हणजे लहान मेंदू आधी अंदाज बांधतो, आणि अंदाज चुकला की तो सुधारतो. माझी माय हौदावरून घागर उचलायची तेव्हा मी हे रोज बघत होते, फक्त मला ते दिसत नव्हतं. तिची बोटं घागरीच्या काठावर आवळली जायची ती वजन हाताला लागायच्या आधी. वजन लागल्यावर आवळून चालत नाही, तोवर घागर सुटलेली असते. घागर अर्धी असेल तर तेवढीच आवळायची. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं, आणि विचारलं असतं तर तिला सांगताही आलं नसतं. तशीच भाच्याच्या पाठीवरची ती चटाक म्हणजे त्या एकट्या धाग्याची हाक होती.

इथवर मला अडचण नव्हती. माझा गोंधळ त्याच्या चेहऱ्यामुळं झाला. मुटका बरोबर बसणं ही एक गोष्ट आणि बसल्याचा आनंद होणं ही दुसरी, असं मी धरून चालले होते. पहिली लहान मेंदूची, दुसरी मेंदूच्या मध्यभागातल्या, डोपामिन हे रसायन सोडणाऱ्या पेशींची. दोन खाती, दोन वेगळे कारकून.

आनंदाच्या खात्याबद्दल एक गोष्ट बऱ्याच जणांना ठाऊक नसते. डोपामिनच्या पेशी सुखालाच जाग्या होतात असं नाही, त्याहून जास्त त्या अनपेक्षिताला जाग्या होतात. वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांवर हे पाहिलं. फळांच्या रसाचा थेंब अचानक मिळाला की त्या पेशी उसळायच्या. रसाच्या आधी दिवा लागतो हे माकडाला कळलं की दिव्यालाच उसळायच्या, आणि रस आला तरी शांत. दिवा लागूनही रस आला नाही, तर नेमक्या त्या क्षणी नेहमीपेक्षाही मंद व्हायच्या. १९९७ मध्ये त्यांनी पीटर दयान आणि रीड मॉन्टेग्यू यांच्यासोबत याचा सिद्धान्त मांडला. वाचताना मला वाटलं, हे तर त्या विळखा घालणाऱ्या धाग्यासारखंच झालं. अंदाज, प्रत्यक्ष, आणि दोन्हीतला फरक.

आणि खरोखरच ही दोन खाती एकमेकांत उघडतात. २०१७ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातले संशोधक उंदरांच्या लहान मेंदूतल्या सगळ्यांत बारीक पेशी, त्या मोहरीच्या दाण्यांसारख्या, जिवंत उंदरात काम करताना बघत होते. उंदरानं पुढच्या पायांनी दांडा ढकलायचा, क्षणभर थांबायचं, मग साखरेच्या पाण्याचा थेंब. पेशी हालचालीला उजळाव्यात ही अपेक्षा होती. तशा उजळल्याही. पण काही पेशी थेंबाची वाट बघताना उजळल्या, काही थेंब मिळाल्यावर, आणि काही, थेंब यायला हवा होता आणि आला नाही, तेव्हा. तोल सांभाळणारा म्हणून आपण ज्याला कोपऱ्यात बसवलं, तो बक्षिसाची वाट बघत होता.

दोन वर्षांनी, २०१९ मध्ये, न्यूयॉर्कच्या अल्बर्ट आइन्स्टाइन कॉलेज ऑफ मेडिसिनमध्ये कामरान खोदाखाह यांच्या गटानं उंदरांत दाखवलं की लहान मेंदूतून डोपामिनच्या त्या पुंजक्याकडे थेट वायर जाते. मध्ये कुणी दलाल नाही. ती वायर प्रकाशानं चेतवली की उंदीर, जिथं ती चेतवली जाते त्याच कोपऱ्यात पुन्हा पुन्हा जाऊन बसायचा. याच प्रयोगाचा दुसरा भाग मी रात्री दोनदा वाचला. उंदराला तीन खणांची पेटी दिली, एका बाजूला दुसरा उंदीर, दुसऱ्या बाजूला नुसती वस्तू. उंदीर एरवी उंदराकडे जातो, त्याला सोबत हवी असते. ती वायर गप्प केली तर ही ओढच नाहीशी झाली. चालणं-फिरणं ठीक होतं. फक्त दुसरा उंदीर आणि वस्तू त्याला सारखेच झाले.

मला काठावरची पोरं आठवली. रिकाम्या विहिरीत, कुणीच बघत नसताना, भाच्यानं पाच उड्या मारल्या असत्या का? पाठ भाजल्यावर तरी नक्कीच नाही.

किशोरवयाबद्दल बोलताना आपल्याकडे, शाळेतल्या पालकसभेतसुद्धा, एकच चित्र सांगतात: गाडीला ॲक्सिलरेटर आहे, ब्रेक अजून बसवायचाय. ओढ वाटायला लावणारे खोलवरचे भाग लवकर जोर धरतात, आणि आवर घालणारा कपाळामागचा भाग पंचविशीच्या आसपासपर्यंत घडत राहतो. त्यात तथ्य आहे. फिलाडेल्फियाच्या टेंपल विद्यापीठात झालेला, २०११ मध्ये प्रसिद्ध झालेला एक प्रयोग आहे. मुलांना गाडी चालवायचा खेळ दिला, सिग्नल पिवळा झाला की थांबायचं की दामटायची. एकटी असताना किशोरवयीन मुलं मोठ्यांइतपतच धोका पत्करत होती. मित्र शेजारच्या खोलीतून बघताहेत एवढं कळलं, की त्यांनी जास्त सिग्नल तोडले, आणि मेंदूचे बक्षिसाचे भाग जास्त पेटले. मोठ्यांना मित्र बघत असल्यानं तसा फरक पडला नाही.

पण या चित्रात अंग कुठंच येत नाही, ही माझी तक्रार आहे. जणू पोरगा म्हणजे नुसती इच्छा आणि नुसता आवर, आणि खाली हातपाय आपोआप हलतात. मेंदूची चित्रं घेणाऱ्या अभ्यासांतही लहान मेंदूचा खालचा भाग बरेचदा चौकटीबाहेर राहायचा, कारण तिथं शोधायचं काही आहे असं वाटतच नव्हतं. या वयात ज्याची उंची एका उन्हाळ्यात चार बोटं वाढते, ज्याचा हात टेबलावरच्या पेल्याला लागून पेला पडतो, त्याला स्वतःच्या अंगाचाच अंदाज दर महिन्याला नव्यानं बांधावा लागतो. विहिरीचं पाणी खाली जातं तसं. आणि त्याच काळात, कशातून काय मिळेल, कुणाच्या डोळ्यांत आपण भरू, याचेही अंदाज नव्यानं बांधले जात असतात. मला वाटतं ही दोन कामं आतून एकमेकांना धरून चालतात. उंदरांतल्या वायरींवरून माणसाच्या पोराबद्दल सगळं ठरवता येत नाही, हे मला कळतं. पण विहिरीच्या काठावर उभं राहिलं की ही दोन कामं वेगळी करून दाखवता येत नाहीत.

आता एक आकडा सांगते. तो वाचल्यापासून माझ्या मनातून हलत नाही. अमेरिकेत मुलांच्या मेंदूची वर्षानुवर्षं चित्रं घेत केलेला एक अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात दिसलं की लहान मेंदूचा आकार मुलींमध्ये सरासरी ११.८ व्या वर्षी सर्वांत मोठा होतो, मुलांमध्ये १५.६ व्या.

मला बारावं लागलं त्या उन्हाळ्यात माझी विहीर बंद झाली.

तोवर मी पोहत होते. पाठीला पत्र्याचा रिकामा डबा बांधून दादानं मला शिकवलं, मग डबा सुटला, मग मी थारोळ्यावरून सूर मारायला लागले. मुटका मात्र जमत नव्हता. गुडघे ओढायला उशीर व्हायचा. त्या वर्षी अक्षय्य तृतीयेपर्यंत जमवायचा असं मी दादाशी पैजेवर ठरवलं होतं, पैज एका कुल्फीची होती. एका सकाळी आजी म्हणाली, “मोठी झालीस आता. काठावर बसायचं.” तिनं रागानं म्हटलं नव्हतं. तिलाही कधीतरी कुणीतरी तसंच म्हटलं असणार. मी काठावर बसले. दादाच्या उड्या मोजल्या. पोरं शिट्ट्या मारायची तेव्हा मीही टाळ्या वाजवल्या. आणि माझ्या लक्षात आहे, दादा दगडावरून सुटायचा तेव्हा फ्रॉकखाली माझे गुडघे आपोआप वाकायचे.

आकाराचं शिखर म्हणजे दार बंद होणं नव्हे. त्यानंतरही जोडण्यांची छाटणी आणि घडण चालूच राहते, आणि लहान मेंदू म्हातारपणापर्यंत शिकतो. चाळिशीत मी स्कूटी शिकले. मी सगळ्या मुलींना हेच समजावून सांगते. तरीही ११.८ हा आकडा वाचला तेव्हा माझ्या पोटात कालवलं. अंग आणि आनंद जेव्हा एकमेकांची ओळख करून घेत होते, नेमकं तेव्हाच मला सांगितलं गेलं की आता आनंद बघायचा, करायचा नाही. आमच्या गावातल्या किती बायकांना हे असंच सांगितलं गेलं असेल? माझ्या वर्गातल्या आठवीच्या मुली मधल्या सुट्टीत भिंतीला टेकून उभ्या असतात आणि मैदान मुलांकडे असतं. मी आता त्यांना भिंतीपासून उठवते. लंगडी, कबड्डी, दोरीच्या उड्या, काहीही चालेल. कुणी बघत असलं तर आणखी चांगलं.

मुलांचंही आता सोपं राहिलेलं नाही. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं, त्या वर्षी आमची विहीर तळापर्यंत कोरडी होती. नववीतली माझी पोरं घागरी घेऊन टँकरच्या रांगेत उभी असायची. त्याच वर्षी सप्टेंबरात जिओ आलं, डेटा जवळजवळ फुकट झाला. पावसानं विहीर भरली, पण त्या तुकडीतली बरीच मुलं पुन्हा काठावर आलीच नाहीत. फोनला मी शिव्या घालणार नाही. अंगठा आणि पडदा यांचा मेळही लहान मेंदूच बसवतो, आणि त्या खेळांतही चुकलं-जमलं याचा निकाल क्षणात लागतो. म्हणूनच तर फोन इतका धरून ठेवतो. फक्त तिथं पाणी किती खाली न्यायचं हे कुणीतरी, पोरगा उठू नये म्हणून, ठरवलेलं असतं.

आणि आमच्या लातूरच्या क्लासचं बक्षीस तर दोन वर्षांनी येतं. लहान मेंदूचे बारीक हिशेब सेकंदाच्या आसपासचे. आता केलं, आता कळलं, असे. बारावीनंतर मेडिकलला नंबर लागेल हे कपाळामागच्या भागाला समजतं, म्हणजे या वयात जो अजून घडतोय त्याला. भाच्याला मी अभ्यास सोड म्हणत नाही. संध्याकाळी पाऊण तास खाली पोरांत खेळून ये म्हणते. क्लासवाल्यांना ते पटत नाही. मी ऐकत नाही.

पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी भाची माझ्यामागं लागली. पुढच्या महिन्यात तिला बारावं लागेल. पोहता येतं, मुटका यायचाय. वहिनी काही बोलली नाही, भाकरी थापत राहिली, पण तिनं कपाटातून जुना सलवार-कुडता काढून दिला. विहिरीनं घेतलेली माणसं आमच्या पंचक्रोशीत आहेत, त्यामुळं दोर बांधल्याशिवाय नाही आणि थारोळ्यावरून तर नाहीच. पाण्यापासून चार फूट वर असलेल्या पायरीवर तिला उभं केलं. दोराचं एक टोक तिच्या कमरेला, दुसरं माझ्या हातात. भाचा समोरच्या पायरीवर पाण्यात पाय सोडून बसला होता आणि सूचना देत होता: गुडघे आधी, श्वास नंतर, डोळे उघडे.

तिनं दोनदा मोजलं आणि दोनदा थांबली. तिसऱ्यांदा मोजलं नाही. तिची टाच दगडावरून अजून सुटायची होती आणि दोर माझ्या मुठीत आवळला गेला होता.

मुटका काही बसला नाही. गुडघे उशिरा आले, पोटावर पडली. पाण्यावर आली ती नाक शिंकरत, केस डोळ्यांवरून सारत, आणि पायरी कुठं आहे हे बघायच्या आधी तिनं भावाकडं बघितलं, त्यानं बघितलं का म्हणून.